कृष्णाकाठ संपतो तिथे : युद्धकाळातले नेतृत्व आणि आपले गद्य

(मानकोली येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



डोंबिवलीकडून खाडीवरच्या पुलाने आलो, म्हणून वेळेत पोहोचलो. नाक्यावर आयोजकांची वाट बघत चहा घेत होतो. तिथे एका काकांनी विचारलं, आज विषय काय? मी म्हटलं, युद्धाच्या काळात देश चालवणारी माणसं आणि त्यांच्यावर लिहिलं गेलेलं गद्य. अमेरिकेत अशा पुस्तकांची मोठी परंपरा आहे, तिथून सुरुवात करणार आहे. काका म्हणाले, "अमेरिकेचं ठीक आहे, पण आपलं काय?" खरं सांगायचं तर माझं सगळं भाषण त्या एका प्रश्नात आलं. आपलं काय, एवढंच आज बघू.

१९६२ सालचा ऑक्टोबर महिना घ्या. १६ ऑक्टोबरला वॉशिंग्टनमध्ये अध्यक्ष केनेडींना कळलं की सोव्हिएत रशियाने क्युबात क्षेपणास्त्रं आणून ठेवली आहेत. पुढचे तेरा दिवस जग अणुयुद्धाच्या उंबरठ्यावर होतं. त्याच तेरा दिवसांत, २० ऑक्टोबरला, चीनने नेफा आणि लडाखमध्ये आपल्यावर मोठा हल्ला केला. म्हणजे दोन राजधान्यांत एकाच आठवड्यात दोन नेते झोपेविना बसलेले होते.

या एका महिन्यातून १९६९ साली तीन पुस्तकं बाहेर आली. पहिलं रॉबर्ट केनेडींचं 'थर्टीन डेज'. अध्यक्षांचा भाऊ, स्वतः त्या खोलीत बसलेला माणूस. पुस्तक निघालं तेव्हा त्यांची हत्या होऊन गेली होती. दुसरं जॉन केनेथ गालब्रेथ यांचं 'ॲम्बॅसेडर्स जर्नल'. गालब्रेथ तेव्हा दिल्लीत अमेरिकेचे राजदूत होते, रोजनिशी लिहीत होते. आपल्या पराभवाच्या दिवसांतली दिल्ली कशी होती, हे जाणून घ्यायला आजही त्या परक्या माणसाची डायरी उघडावी लागते. आणि तिसरं ब्रिगेडियर जॉन दळवींचं 'हिमालयन ब्लंडर'. नामका चू नदीवर ज्यांची ब्रिगेड उद्ध्वस्त झाली आणि जे स्वतः चीनच्या कैदेत गेले, त्यांनी लिहिलेलं. आपल्या सरकारने त्यावर बंदी घातली.

तिन्ही पुस्तकं इंग्रजीत आहेत, हे लक्षात ठेवा.

आता मराठी माणसाचा या गोष्टीशी संबंध कुठे येतो, ते तुम्हा सर्वांना पाठ आहे. कृष्ण मेनन गेले, नेहरूंनी मुंबईहून यशवंतराव चव्हाणांना बोलावलं, आणि २१ नोव्हेंबर १९६२ रोजी ते संरक्षणमंत्री झाले. त्याच दिवशी चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केलेली होती. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावून गेला, असं आपण म्हणतो. शाळेत म्हटलं, निबंधात लिहिलं, पुतळ्याच्या अनावरणाला ऐकलं. माझी तक्रार त्या वाक्याबद्दल नाही. वाक्य छान आहे. तक्रार अशी की साठ वर्षं झाली, आपण त्या वाक्याच्या पुढे गेलोच नाही.

सह्याद्री धावला, बरं. धावून गेल्यावर काय केलं? पहिल्या रात्री झोप लागली का? हरलेल्या सैन्याच्या अधिकाऱ्यांसमोर हा धोतर नेसणारा, कधी सैन्यात न गेलेला मुख्यमंत्री उभा राहिला, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत काय दिसलं? डोंगराला असे प्रश्न विचारता येत नाहीत. म्हणून माणसाचा डोंगर केला की लिहिणाऱ्याची सुटका होते.

तुम्ही म्हणाल, चव्हाणांनी आत्मचरित्र लिहिलंय की! लिहिलंय. 'कृष्णाकाठ', १९८४. पण ते १९४६ सालाशी थांबतं, ते मुंबईला निघतात तिथे. पुढचे दोन भाग ठरले होते. मुंबईच्या वर्षांचा 'सागरतीर' आणि दिल्लीच्या वर्षांचा 'यमुनाकाठ'. नावंसुद्धा ठरलेली होती. २५ नोव्हेंबर १९८४ रोजी ते गेले. 'यमुनाकाठ' हे मराठीतलं न लिहिलं गेलेलं एक फार मोठं पुस्तक आहे.

त्यांना ते लिहिता आलं असतं का? मला वाटतं, नक्की आलं असतं, आणि याचा पुरावा 'कृष्णाकाठ'मध्येच आहे. १९४२ सालचा भाग आठवा. जूनमध्ये लग्न झालेलं, ऑगस्टमध्ये चळवळ पेटलेली. हे भूमिगत. वेणूताईंना अटक होते, त्या सुटतात तेव्हा आजारी असतात. शेवटी हा माणूस बायकोला भेटायला फलटणला जातो आणि तिथे पकडला जातो. पराक्रमाच्या भाषेत सांगायचं तर ही चूकच. चव्हाण तिला पराक्रमाचा मुलामा देत नाहीत. चळवळ एकीकडे, घर एकीकडे, आणि दोन्हींची ओढ खरी, अशा पेचातला माणूस ते साध्या गद्यात आपल्यासमोर ठेवतात. आवाज कुठे चढत नाही. ज्याला स्वतःची घालमेल अशी लिहिता येते, त्याने संरक्षणमंत्र्याची घालमेलही लिहिली असती.

आणि गंमत बघा, थोडी लिहिली होतीच! १९६५च्या युद्धात ते रोजच्या नोंदी करत होते. त्या त्यांच्या हयातीत छापल्या गेल्या नाहीत. त्यांचे खासगी सचिव राहिलेले राम प्रधान यांनी २००७ साली '१९६५ वॉर : द इनसाइड स्टोरी' या पुस्तकात त्या वाचकांपुढे आणल्या. म्हणजे तेही इंग्रजीत.

त्यातला एक दिवस सांगतो. १ सप्टेंबर १९६५. पाकिस्तानी रणगाडे छांबमध्ये घुसलेत, अखनूरचा पूल गेला तर काश्मीरचा रस्ता तुटणार. दुपारी चारच्या सुमाराला हवाईदल वापरण्याची परवानगी मागायला अर्जनसिंग आले. हवाईदल उतरवणं म्हणजे युद्धाची पायरी चढणं. मंत्रिमंडळाची बैठक बोलावायला वेळ नाही. चव्हाणांनी काही मिनिटांत होकार दिला.

इथपर्यंतची गोष्ट आपण अभिमानाने सांगतो, आणि सांगावीच. पण तासाभरात पठाणकोटहून जी विमानं उडाली, ती जुनाट व्हॅम्पायर होती. त्यांतली चार त्या संध्याकाळी परत आली नाहीत. होकार देणाऱ्या माणसाच्या खात्यावर ती चार विमानंही लिहायला हवीत. निर्णय बरोबर होता, असं मी मानतो. पण त्याची किंमत त्याच दिवशी मोजली गेली, आणि उद्या काय होणार हे देणाऱ्याला ठाऊक नव्हतं. या नोंदी वाचताना मला हेच मोलाचं वाटतं. लष्करप्रमुखांच्या मनःस्थितीतले चढउतारही त्यांत आहेत. जिंकणार की नाही हे माहीत नसलेला माणूस त्या रात्री वही उघडून बसतो. आपल्या गौरवग्रंथांत असा माणूस भेटत नाही. तिथे सगळ्यांना सगळं आधीपासून माहीत असतं.

आता एक आक्षेप. कोणी म्हणेल, अमेरिकेतली पुस्तकं म्हणजे काय सत्यनारायणाचा प्रसाद आहे का? तिथेही सारवासारव असतेच. बरोबर आहे. 'थर्टीन डेज'चंच घ्या. क्युबाच्या बदल्यात तुर्कस्तानातली अमेरिकन क्षेपणास्त्रं काढून घेण्याचा गुपचूप समझोता झाला होता. तो पुस्तकात सौम्य करून मांडला होता, आणि तसं आपणच केलं, अशी कबुली केनेडींचे सहकारी सोरेन्सन यांनी १९८९ साली दिली. शिवाय त्या बैठकांचं ध्वनिमुद्रण केनेडींनी गुपचूप करून ठेवलं होतं. त्याचं शब्दांकन १९९७ साली पुस्तकरूपाने आलं. पुस्तकात संयमी दिसणारे रॉबर्ट केनेडी त्या फितींवर सुरुवातीला हल्ल्याच्या बाजूने बोलताना ऐकू येतात.

म्हणजे तिथला नेता आपल्या नेत्यापेक्षा जास्त खरं बोलतो, असं नाही. फरक एवढाच की खोटं पकडायची सोय वाचकाच्या हातात येते, उशिरा का होईना. आपल्याकडे हेंडरसन ब्रूक्स आणि भगत यांचा १९६२च्या पराभवावरचा अहवाल बघा. २ सप्टेंबर १९६३ रोजी चव्हाणांनीच लोकसभेत त्यावर निवेदन केलं. मूळ अहवाल सरकारने आजही खुला केलेला नाही. कागद कुलपात आणि माणूस चौथऱ्यावर, अशी आपली व्यवस्था. मग मधल्या जागेत लिहिणार कोण आणि कशाच्या आधारावर?

पण सगळा दोष सरकारवर ढकलला की आपण मोकळे, असं होऊ नये. कारण ही आपली जुनी सवय नाही. 'भाऊसाहेबांची बखर' आठवा. पानिपतावर एवढा मोठा घात झाला आणि त्यावर लिहिताना मराठी बखरकाराने सदाशिवरावभाऊचा डोंगर केला नाही. बायकामुलं, जड सरंजाम मागे ठेवा, गनिमी काव्याने लढा, असा सल्ला मिळाला होता आणि भाऊने तो मानला नाही, हे बखर सांगते. भाऊवर तिचा जीव आहे, आणि तरी सांगते. इतिहास म्हणून बखरीत हजार चुका असतील. पण नेत्यावर माया करत त्याची चूक मांडण्याचं धैर्य त्या गद्यात आहे. पुढे १९६१ साली त्र्यंबक शंकर शेजवलकरांचं 'पानिपत : १७६१' आलं. त्यांनी कागद तपासून, प्रस्थापित मतांशी भांडून भाऊचा पुन्हा विचार केला. लक्षात घ्या, १९६१! एका जुन्या पराभवाचा एवढा कसून हिशेब मराठीत झाला, त्याच्या पुढच्याच वर्षी नवा पराभव आला. त्याचा हिशेब मात्र आपण एका घोषणेत उरकला.

म्हणून समीक्षक म्हणून माझी मागणी साधी आहे. पहिली, त्या १९६५च्या नोंदी मराठीत, टीपा देऊन, घराघरांत पोहोचल्या पाहिजेत. कृष्णाकाठच्या माणसाचं युद्ध कृष्णाकाठच्या भाषेत वाचलं गेलं पाहिजे. दुसरी मागणी वाचकाकडे. यापुढे नेत्यावरचं कुठलंही पुस्तक हातात घ्याल, मग तो कुठल्याही पक्षाचा असो, कुठल्याही देशाचा असो, तेव्हा एक पान शोधा. ज्या पानावर त्या माणसाला पुढे काय होणार हे माहीत नाही, आणि तरी त्याला हो किंवा नाही म्हणावं लागतंय, ते पान. ते सापडलं तर पुस्तक घरी न्या. नाही सापडलं तर तो हारतुरा आहे, समारंभातच राहू द्या.

नाक्यावरच्या काकांना मी तेव्हा उत्तर दिलं नव्हतं. ते मागच्या रांगेत येऊन बसलेत, म्हणून आता देतो. काका, आपलंही आहे. माणूस होता, घटना होती, वहीसुद्धा होती. आपल्या भाषेतलं पुस्तक तेवढं अजून लिहायचं राहिलंय.

थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.