सॅटबी-१ : मुकादम एक, टोळ्या दोन

सिनॉप्सिस लिहायला बसलं की एक वाक्य आपोआप कागदावर येतं : 'अमुक प्रथिन हे रक्त-मूळपेशींच्या विकासाचं मास्टर रेग्युलेटर आहे.' वाक्य भारदस्त आहे, पण त्यातून फारसं काही कळत नाही. का, ते आज सॅटबी-१ या एकाच प्रथिनावरून बघू.

२०१३ साली या प्रथिनावर दोन महत्त्वाचे पेपर आले. 'नेचर इम्युनॉलॉजी'मधला पेपर सांगतो की उंदराच्या रक्त-मूळपेशींत सॅटबी-१ नसेल तर त्यांची विश्रांती मोडते. त्या घाईने पुढच्या पेशी बनू लागतात आणि मूळपेशींचा साठा आटत जातो. म्हणजे हे प्रथिन मूळपेशीला थोपवून धरतं. 'इम्युनिटी'मधला पेपर सांगतो की सॅटबी-१ मूळपेशीला लिम्फोसाइटच्या वाटेला लावतं. ते नसलेल्या मूळपेशी दुसऱ्या उंदरात घातल्या तर टी-पेशींची फळी पुन्हा उभी राहत नाही. मुद्दाम जास्त दिलं तर लिम्फोसाइट बनण्याला जोर येतो. एक म्हणतो थांबवतं, दुसरा म्हणतो पुढे ढकलतं. आता बोला!

इथे पुण्यातलं काम उपयोगी पडतं. संजीव गलांडे यांच्या गटाने एनसीसीएसमधून २००६ साली 'मॉलिक्युलर सेल'मध्ये दाखवलं की सॅटबी-१ दोन विरुद्ध कामांच्या एन्झाइमांशी जोडी जमवतं. त्यावर फॉस्फेट बसला की एचडॅक-१ सोबत येतं. हे एन्झाइम हिस्टोनवरचे अॅसिटिल गट काढतं, म्हणून जनुक बंद होण्याकडे झुकतं. फॉस्फेट निघाला की पीकॅफशी जोडी जमते आणि जनुक सुरू होऊ शकतं.

आपल्या बीडच्या भाषेत सांगायचं तर सॅटबी-१ हा मुकादम आहे. मुकादम स्वतः ऊस तोडत नाही, टोळी फडात आणतो. कोणती टोळी आणली, हे न बघता नुसतं 'मुकादम आला' म्हणून काय कळणार?

या नजरेने २०१३ चे पेपर परत वाचा. दोन्हींत सॅटबी-१ काढून टाकण्याचे प्रयोग आहेत. मुकादम हटवला की काम बिघडतं, म्हणजे तो गरजेचा आहे हे सिद्ध होतं. पण तो कोणती टोळी आणत होता, हे एवढ्यावरून कळत नाही. 'इम्युनिटी'च्या गटाने उलट बाजूनेही तपासलं, ही त्यांची जमेची बाजू. मात्र बाहेरून भरपूर दिलेलं प्रथिन नेहमीच्या पातळीवर तसंच वागेल, याची खात्री त्यातून मिळत नाही. शिवाय मूळपेशीत सॅटबी-१ कमी असतं आणि लिम्फॉइड वाटेवर ते चांगलंच वाढतं, हे त्याच पेपरने दाखवलंय. म्हणजे दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे असू शकतात. भांडण निकालांचं नाही, 'नियंत्रण करतं' या ढिल्या क्रियापदाचं आहे.

पण पुण्याचं उत्तर उचलून इथे चिकटवू नका. तो प्रयोग टी-पेशींच्या संदर्भातला, इंटरल्यूकिन-२ च्या जनुकावरचा आहे. मूळपेशीतही तोच फॉस्फेटचा खटका चालतो का, हा प्रश्न आहे, पुरावा नाही. आणि प्रश्न चांगला आहे!

हे नुसतं शब्दांचं भांडण नाही. अस्थिमज्जा प्रत्यारोपणानंतर रुग्णाला लिम्फोसाइट लवकर हवे असतात आणि मूळपेशींचा साठा आयुष्यभर पुरायला हवा असतो. सॅटबी-१ वाढवून पहिलं साधताना दुसऱ्याचं काय होईल, हे 'मास्टर रेग्युलेटर' म्हणून कळणार नाही.

म्हणून सिनॉप्सिसमध्ये तीन गोष्टी लिहाच : कोणती पेशी, सोबत कोणतं एन्झाइम, आणि कोणत्या चाचणीने ठरवलं. तीनपैकी एक जागा रिकामी राहिली तर घाबरू नका. तुमचा संशोधनाचा प्रश्न बहुतेक तिथेच असतो.