मालिकेतून जन्मणारा गायकवृंद आणि मराठीतील त्याची अनुपस्थिती

दूरचित्रवाणीच्या मालिकेसाठी एकत्र आणलेल्या तरुण नटनटींनी मालिकेच्या चौकटीबाहेर पडावे आणि गायकवृंद म्हणून रंगमंचावर उभे राहावे, हा प्रकार आता नवा राहिलेला नाही. अमेरिकेत १९६६ साली 'द मंकीज' या मालिकेतून त्याच नावाचा वृंद निघाला. अर्जेंटिनात २००२ साली 'रेबेल्दे वे' या मालिकेतून 'एर्रेवे' निघाला. तीच कथा २००४ साली मेक्सिकोत 'रेबेल्दे' या नावाने अवतरली, तेव्हा तिच्यातील सहा नटांचा 'आर.बी.डी.' हा वृंद तयार झाला. त्याच वर्षी 'स्टार वन' या वाहिनीवर या कथेचा हिंदी अवतार 'रीमिक्स' या नावाने सुरू झाला व २००६ पर्यंत चालला. मराठीत मात्र असा वृंद निर्माण झाला नाही. बाजारपेठ लहान, पैसा थोडा, हे उत्तर चटकन् दिले जाते. ते खोटे नव्हे, पण अपुरे आहे. मराठी मालिकेतील तरुण पात्रे अमाप लोकप्रिय झाली आहेत, आणि मराठी वाहिनीवर गाणारी मुले त्याहूनही अधिक. दोन्ही गोष्टी असताना तिसरी का घडली नाही, या प्रश्नाचे उत्तर मला अर्थकारणापेक्षा भाषेत, आणि त्यातही गीतातील 'मी' या सर्वनामात शोधावेसे वाटते.

'आर.बी.डी.'ची गीते काव्य म्हणून सामान्यच आहेत. प्रेमभंग, रुसवा, मोठ्यांविषयीची चीड, यांपलीकडे ती क्वचित जातात. तरीही त्यांनी कोट्यवधी कुमारांना ओढून घेतले, याचे कारण त्यांतील 'मी'चे संदर्भस्थान तिहेरी आहे. आनाई ही नटी 'मी' म्हणते तेव्हा ते मालिकेतील मिया या पात्राचे 'मी' असते, खुद्द नटीचे असते आणि सहा जणांच्या समूहाचेही असते. श्रोत्याला मियाचा रुसवा कोणावर आहे हे आधीच ठाऊक असते. गीताने जे सांगायचे ते मालिकेने सांगून ठेवलेले असते, आणि शब्द दुबळे असले तरी सर्वनाम भरलेले राहते. ब्राझीलमध्ये ही मालिका पोर्तुगीज ध्वनी चढवून दाखविली गेली आणि वृंदाने आपली गीते पोर्तुगीजमध्येही ध्वनिमुद्रित केली. भाषा बदलली तरी 'मी' ढळला नाही, कारण तो शब्दांपेक्षा चेहऱ्याला अधिक बांधलेला होता. २००८ साली या वृंदाने विसर्जनाची घोषणा केली. पुढे २०२३ साली सहांपैकी पाच जण पुन्हा एकत्र येऊन दौऱ्यावर निघाले, तेव्हा पात्रे वयाने केव्हाच मागे पडली होती. सर्वनाम मात्र टिकले होते.

या व्यवहाराची एक अट आहे. चेहरा आणि कंठ एकाच व्यक्तीचे असले पाहिजेत. मंकीजच्या आरंभीच्या तबकड्यांत कंठ त्यांचे असले तरी वाद्ये बहुतांशी इतरांनी वाजविली होती, आणि १९६७ साली ती स्वतः वाजविण्याच्या हक्कासाठी ते निर्मात्यांशी भांडले. बाहेरून हट्ट वाटणारी ही गोष्ट वस्तुतः त्या प्रकाराच्या मुळाशीच होती.

मराठीत ही अट एके काळी सहज पुरी होत असे. १८८२ च्या 'संगीत सौभद्रा'पासून पुढे निदान अर्धशतक मराठी नट हा गाणारा नट होता. बालगंधर्वांच्या बाबतीत तर पात्र कोठे संपते व गायक कोठे सुरू होतो हे प्रेक्षकाला सांगता आले नसते, आणि सांगावेसेही वाटले नसते. १९३२ च्या 'अयोध्येचा राजा' या बोलपटातही गोविंदराव टेंबे, दुर्गा खोटे यांनी आपापली गाणी स्वतःच म्हटली. त्यानंतर पार्श्वगायनाची पद्धत रूढ झाली आणि चेहरा व कंठ यांची फारकत झाली. दूरचित्रवाणीने वारसा घेतला तो चित्रपटाचा. संगीत नाटकाचा नव्हे. मराठी मालिकेचे शीर्षकगीत नामांकित गायक म्हणतात आणि त्या गीतावर पात्रे नुसती हसत-चालत राहतात. त्या गीतातील 'मी' कोणाचाच नसतो. तो मालिकेच्या नावाचा असतो, फार तर वाहिनीचा.

या दृष्टीने २०१५ साली झी मराठीवर आलेली 'दिल दोस्ती दुनियादारी' ही मालिका तपासण्याजोगी आहे. मुंबईतील एका सदनिकेत एकत्र राहणारी सहा तरुण माणसे, घरच्यांपासून दूर, आपसांतील भांडणे व समेट, हा सारा साचा गायकवृंदाला अनुकूलच होता. लोकप्रियताही उदंड मिळाली. मालिका संपल्यावर काय झाले? तिच्यातील अमेय वाघ, सुव्रत जोशी, सखी गोखले, पूजा ठोंबरे ही मंडळी २०१६ साली 'अमर फोटो स्टुडिओ' या नाटकात एकत्र आली. मनस्विनी लता रवींद्र यांचे लेखन आणि निपुण धर्माधिकारी यांचे दिग्दर्शन असलेले हे नाटक मालिकेचे शेपूट नव्हते. त्याची कथा स्वतंत्र होती. मेक्सिकोत पात्रसंच मालिकेतून बाहेर पडतो तो संगीतसभेत; मराठीत तो नाट्यगृहात जातो. मला यात उणेपणा दिसत नाही. किंबहुना नटाला नवे पात्र देणारा हा मार्ग कलेच्या दृष्टीने अधिक निकोप आहे. पण त्यामुळे कुमारवयाच्या गीताचा प्रश्न सुटत नाही, तो तसाच राहतो. याच मालिकेतील स्वानंदी टिकेकर उत्तम गातात; २०२० साली नटांसाठीच्या गायनस्पर्धेत त्या विजयी ठरल्या. तेथेही गायन आले ते स्पर्धेच्या वाटेने आणि एकटीचे.

स्पर्धेचे नाव निघाले की 'पंचरत्ना'कडे वळावेच लागते. 'सा रे ग म प लिटिल चॅम्प्स' या कार्यक्रमाच्या २००८-०९ च्या पर्वातील कार्तिकी गायकवाड, आर्या आंबेकर, प्रथमेश लघाटे, मुग्धा वैशंपायन व रोहित राऊत ही पाच मुले या नावाने महाराष्ट्रभर ओळखली गेली. मराठीत दूरचित्रवाणीने घडविलेला कुमारवयीनांचा वृंद म्हणून बोट दाखवावे असे एवढेच उदाहरण. पण हा वृंद होता काय? येथे समासच साक्ष देतो. 'पंचरत्न' हा समाहार द्विगु. संस्कृत व्याकरणाप्रमाणे तो एकवचनी. 'नवरात्र बसले', 'पंचवटी आली' असे आपण एकवचनातच म्हणतो. या मुलांविषयी मात्र 'पंचरत्ने आली', 'पंचरत्नांनी गायिले' असा अनेकवचनी प्रयोग सर्रास झाला. लोकांच्या व्याकरणबुद्धीने अचूक ओळखले होते की येथे समाहार झालेला नाही; येथे मोजणी आहे. स्पर्धेचे तंत्रच तसे. मालिका भांडणारी पात्रे गाण्यात एकत्र आणते. स्पर्धा एकत्र गाणाऱ्या मुलांना मतांनी वेगळे करते. आळंदीच्या कार्तिकीकडे गवळण व अभंग, लातूरच्या रोहितकडे उडत्या चालीची गाणी, प्रथमेशकडे नाट्यपद, अशी वाटणी होऊन गेली आणि ती मोडण्याची मुभा कोणालाच फारशी मिळाली नाही.

त्याहून गंभीर गोष्ट गीतांची. ही मुले जे गात होती ते बहुतांशी मागील पिढ्यांनी प्रौढांसाठी लिहिलेले होते. दहा-बारा वर्षांच्या कंठातून विरहिणीचा 'मी' उमटत होता आणि परीक्षक त्यातील भावाची वाखाणणी करीत होते. गायन निर्दोष असे, कित्येकदा थक्क करणारे असे. पण त्या वयाने स्वतःविषयी एक वाक्यही उच्चारले नाही. मालिकेला पात्रे मिळाली, कंठ मिळाले नाहीत; स्पर्धेला कंठ मिळाले, पात्रे मिळाली नाहीत.

यावर असे म्हटले जाईल की, दुसऱ्याचा 'मी' उच्चारणे ही तर आपली जुनीच रीत आहे. खरे आहे, आणि त्याचा पुरावा आमच्या बारामती-इंदापूर भागाइतका क्वचितच कोठे मिळेल. बाबूजी नाइकांच्या आश्रयाने बारामतीस राहिलेल्या मोरोपंतांच्या आर्या पुराणिकांनी व कीर्तनकारांनी आपल्या मुखाने घरोघर नेल्या. तुकोबांची पालखी दरवर्षी बारामतीवरून सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी अशी जाते. बेलवाडीस गोल रिंगण होते. दिंडीतील शेकडो माणसे तुकोबांच्या नाममुद्रेसह अभंग म्हणतात तेव्हा त्यांतील 'मी' उसना आहे असे कोणास वाटत नाही. परंतु येथे म्हणणारा त्या 'मी'च्या ठायी स्वतःला विलीन करतो. तेथे वयाला, गावाला, बोलीला स्थान नाही आणि ते मागण्याचा हेतूही नाही. कुमारांच्या लौकिक गीताचा हेतू नेमका उलट असतो.

म्हणून हा प्रश्न अखेरीस बोलीपाशी येऊन ठेपतो. इंदापूरचा मुलगा घरात 'पानी', 'व्हय', 'न्हाय' म्हणतो, वहीत 'पाणी' लिहितो आणि स्नेहसंमेलनात माइक हातात आला की 'पाणी' असेच गातो. मालिकांनी ग्रामीण पात्रांसाठी जी बोली घडविली आहे तिच्यात 'लई' आणि 'व्हय' यांची पेरणी असते, पण ती ना बारामतीची असते ना कोल्हापूरची; आणि ती बोलणारे पात्र बहुधा हसण्यासाठी ठेवलेले असते. अशा स्थितीत आपल्या वयाचे गाणे या मुलाने हिंदीत किंवा पंजाबीत शोधले तर नवल नाही. तेथे निदान त्याच्या उच्चाराला कोणी हसत नाही.

पद्याच्या बाजूनेही एक अडचण आहे. अभंग-ओवीत शब्दान्तीचा 'अ' गाताना पूर्ण उच्चारला जातो. बोलण्यात तो लोपतो. ठेक्यावर बांधलेल्या आधुनिक गीतात बोलण्यातील व्यंजनान्त शब्दच हवा असतो, आणि आपली गाणारी मुले जुन्या शिस्तीत तयार झाल्यामुळे तेथे अडखळतात. या दोन तालुक्यांतील महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांत मुले स्वतः रचून म्हणतात ती गीते या दृष्टीने कोणी गोळा करावीत, असे पदव्युत्तर विद्यार्थ्यांस सुचवावेसे वाटते. ध्वनिमुद्रण करताना नुसते गीत घेऊ नये. त्यापूर्वीचे निवेदन आणि पडद्यामागील बोलणेही घ्यावे. एकाच मुलाच्या तोंडी 'ण' आणि 'न' कोठे बदलतात, आणि 'मी' म्हणताना तो कोणत्या बाजूस असतो, हे त्या तिन्हींची तुलना केल्यावाचून समजणार नाही.