जॉन हॅनकॉक सेंटर : मिश्र उपयोगाची संरचना

शिकागो येथील १०० मजली व सुमारे ३४४ मीटर उंचीच्या जॉन हॅनकॉक सेंटरचे बांधकाम १९६५ मध्ये सुरू झाले. २०१८ पासून ही वास्तू ‘८७५ नॉर्थ मिशिगन अ‍ॅव्हेन्यू’ या नावाने ओळखली जाते. वास्तुविशारद ब्रूस ग्रॅहम व संरचना अभियंता फझलुर रहमान खान यांच्या या कृतीचा गौरव प्रायः ‘प्रामाणिक रचना’ या शब्दांत केला जातो. दर्शनी भागावरील प्रचंड फुल्या हे त्याचे कारण होय. मात्र सांगाडा उघडा दिसतो एवढ्यावरून वास्तूचे श्रेष्ठत्व सिद्ध होत नाही. दुकाने, वाहनतळ, कार्यालये आणि निवास एकाच मनोऱ्यात रचल्याने निर्माण झालेला प्रश्न या फुल्या कसा सोडवितात, हे पाहणे अधिक उचित ठरेल.

मूळ कल्पना कार्यालये व निवास यांसाठी दोन स्वतंत्र मनोरे उभारण्याची होती. ते एकावर एक येताच मजल्याच्या आकाराचा प्रश्न उद्भवला. कार्यालयास खोल, विस्तीर्ण मजला चालतो. घरातील खोल्यांना मात्र खिडकी जवळ हवी. म्हणून कार्यालये खाली, ४४ ते ९२ या मजल्यांवर सदनिका आणि संपूर्ण मनोरा वर निमुळता, अशी योजना झाली. हा निमुळतेपणा वाऱ्याचा भार कमी करण्यासही उपकारक ठरला. उपयोग व स्थैर्य यांचा असा मेळ विरळाच आढळतो.

परंतु याच योजनेत एक अडचण दडलेली आहे. उंच इमारतीचे आंदोलन माथ्याकडे सर्वाधिक असते आणि येथे तर माणसे झोपणार तीही वरच! कामात गढलेल्या कर्मचाऱ्यास न जाणवणारी हालचाल अंथरुणावर पडलेल्यास अस्वस्थ करू शकते. म्हणजे इमारत पडणार नाही एवढे पुरेसे नव्हते. ती किती डोलेल हा प्रश्न सामर्थ्याइतकाच निर्णायक होता. मानवी संवेदनेची मर्यादा अजमावण्यासाठी खान यांनी शिकागोच्या विज्ञान संग्रहालयातील एका हलत्या मंचाचाही उपयोग केला. केवळ स्तंभ व तुळयांच्या चौकटीत वाऱ्याचे बल त्या अवयवांना वाकविते. तिरप्या अवयवांत तेच बल मुख्यतः ताण व दाब यांच्या रूपाने वाहते. शेजारच्या बाजूंवरील तिरपे अवयव कोपऱ्यात एकत्र येत असल्याने चारही बाजू मिळून एका ताठ नळीसारखे कार्य करतात, आणि गुरुत्वभारही स्तंभांमध्ये विभागला जातो.

परिणामी पोलादाचा वापर प्रतिचौरस मीटर सुमारे १४५ किलोग्रॅम एवढाच झाला. एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या सुमारे २०६ किलोग्रॅमशी त्याची तुलना नेहमी केली जाते. ती सर्वस्वी न्याय्य नव्हे. १९३१ च्या त्या इमारतीच्या सांगाड्यावर वीट-दगडाच्या आवरणाचा मोठा भार आहे. तरीही बचत खरी आहे, हे मान्य करावेच लागते.

या बचतीची किंमत काही रहिवाशांच्या वाट्याला आली. बाहेरून भव्य दिसणारी फुली त्यांच्या खिडकीतील तलावाचे दृश्य तिरपे छेदून जाते. गौरवपर लेखनात याचा उल्लेख क्वचित, आणि तोही गंमत म्हणून येतो. वस्तुतः ४४ व्या मजल्यावरील उद्वाहक बदलण्याचे दालन व पोहण्याचा तलाव रहिवाशांच्या सोयीचा बारकाईने विचार झाल्याचे दर्शवितात. रस्त्यावरील पादचाऱ्याविषयी तितका विचार दिसत नाही. पायथ्याशी असलेल्या खोलगट चौकाची १९९० च्या दशकात फेररचना करावी लागली.