पल्लवी उरली, चरण गेले

बंगळुरूच्या येलहंका पोलीस स्टेशनच्या थांब्यापासून उपनगरातल्या माझ्या घरापर्यंत यायला रिक्षाला गर्दीच्या वेळी वीसेक मिनिटं लागतात. मागे एका संध्याकाळी रिक्षावाल्याने हँडलजवळ फोन अडकवला होता आणि रिक्षा थांबली की तो अंगठ्याने गाणी सरकवत होता. एक कन्नड, एक तेलुगू, एक पंजाबी, मग चक्क आपली ‘गुलाबी साडी’, पुन्हा कन्नड. घर येईपर्यंत मी सतरा गाणी मोजली. त्यातल्या एकाचंही पहिलं कडवं सुरू झालं नाही. उतरताना मी माझ्या तोडक्यामोडक्या कन्नडमध्ये विचारलं की एखादं पूर्ण का ऐकत नाही. तो सहज म्हणाला, “बोर आगुत्ते सार.” कंटाळा येतो. गाणी त्याला आवडत होती, सतराच्या सतराही आवडली असतील. कंटाळा त्याला पुढच्या भागाचा येत होता.

आपण ज्याला मुखडा म्हणतो त्याला इकडे पल्लवी म्हणतात आणि अंतऱ्याला चरण. जुन्या मराठीत हेच ध्रुवपद आणि कडवं. पल्लवी म्हणजे पालवी. ती फुटते आणि नजर वेधून घेते. चरण म्हणजे पाय, गाणं त्यांच्यावर चालतं. मुखडा बहुधा मध्य सप्तकात घर करून असतो. अंतरा तिथून निघून तार षड्जाकडे जातो, वाटेत एखाद्या अनोळखी सुरापाशी थांबतो, काही नवं सांगतो आणि परत येतो. परत आल्यावर मुखड्याचे शब्द तेच असतात, पण ऐकणारा बदललेला असतो. अभंगाचं ध्रुवपद असंच आहे, पुरंदरदासांच्या पदाची पल्लवीही अशीच. भीमसेन जोशींनी ‘संतवाणी’त एक गायलं आणि ‘दासवाणी’त दुसरं, आणि दोन्हीकडे परतीची ती जागा आली की श्रोत्यांच्या माना आपोआप हलल्या.

आजच्या लोकप्रिय गाण्यांबद्दल माझी तक्रार एवढीच आणि इथेच आहे. ती शब्दांच्या उथळपणाबद्दल नाही, ढोलाच्या आवाजाबद्दलही नाही. आपल्या गाण्यांचे पाय झडत चालले आहेत, आणि ते झडण्यामागे चव बिघडणं कमी आणि मोजण्याची पद्धत जास्त आहे.

आमच्या शेजारी, चौथ्या फेजमध्ये, एक बाई लहान मुलांना गाणं शिकवतात. पूर्वी मुलं सिनेमाचं गाणं शिकवा म्हणून हट्ट करायची, तेव्हा त्या रागवायच्या. आता त्या म्हणतात, सिनेमाचं तरी पूर्ण शिका. पालक फोन पुढे करतात आणि “एवढाच भाग बसवून द्या” म्हणतात. एवढाच म्हणजे पंधरा-वीस सेकंद. मुलांचे गळे चांगले आहेत, सूर पटकन लागतो. पण पुढे काय आहे हे त्यांना माहीतच नसतं. पुढे काही असतं, ही अपेक्षाच त्यांच्या कानाला लागलेली नाही.

‘आमच्या वेळची गाणी’ या सुरात मला हे लिहायचं नाही, कारण त्या सुराचा इतिहास चांगला नाही. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी मंत्री झाले. या आपल्या मराठी मंत्र्याला सिनेसंगीत हीन वाटत होतं. त्यांनी आकाशवाणीवरून ते जवळजवळ हद्दपार केलं. श्रोते मुकाट्याने रेडिओ सिलोनकडे गेले, तिथे त्याच वर्षी ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि अमीन सायानींच्या आवाजाने सगळा देश बांधून ठेवला. शेवटी सरकारलाच १९५७ मध्ये विविध भारती काढावी लागली. ज्या गाण्यांना तेव्हा हलकं म्हटलं गेलं, तीच आज अभिजात म्हणून मिरवली जातात. म्हणून नव्या गाण्याला नाकं मुरडताना मला केसकर आठवतात आणि मी जरा थांबतो. त्याच काळात आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून १९५५-५६ मध्ये आठवड्याला एक याप्रमाणे ‘गीतरामायणा’ची छप्पन्न गाणी गेली, गदिमांचे शब्द आणि सुधीर फडक्यांच्या चाली. पदांच्या वह्या करून घरोघरी लोकांनी ती पाठ केली. कडव्यांवर कडवी असलेली ती गाणी लोकप्रिय होण्यात त्यांची लांबी कधी आड आली नाही.

आता कुणी म्हणेल की मर्यादा तेव्हाही होत्या. खरंच होत्या. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन, फार तर साडेतीन मिनिटं मावायची. पण त्या तीन मिनिटांना सुरुवात, मध्य आणि शेवट होता. घट्ट चौकटीने कारागिराला शिस्त लावली. दोन कडवी, मध्ये वाद्यांचा एक तुकडा, ज्याला स्टुडिओत नुसतं ‘पीस’ म्हणायचे, आणि परत मुखडा. या पीसवर अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा अशा गोव्याच्या माणसांनी, अनिल मोहिले, श्यामराव कांबळे यांच्यासारख्या मराठी अरेंजरांनी आयुष्यं घातली. कडवं आहे म्हणून कडव्याआधीचा पीस आहे, आणि पीस आहे म्हणून व्हायोलिनवाल्याला, बासरीवाल्याला काम आहे. अंतरा गेला की एक अख्खी बिरादरी जाते, याचा विचार फार कमी जण करतात.

आजची चौकट निराळी आहे. २०२० च्या जूनअखेर टिकटॉकवर बंदी आली, जुलैत इन्स्टाग्रामचे रील्स भारतात आले, आणि सुरुवातीला एका रीलची लांबी होती पंधरा सेकंद. पुढे ती वाढली, पण सवय पंधराचीच लागली. स्पॉटिफायवर तीस सेकंद ऐकलं की एक ऐकणं नोंदलं जातं. एकतिसाव्या सेकंदाला श्रोता निघून गेला काय आणि शेवटपर्यंत डोळे मिटून बसला काय, यादीत दोघांचं वजन सारखंच. मग संगीतकाराने चौथ्या मिनिटाची फिकीर का करावी? अमेरिकेत २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १९८६ ते २०१५ मधली पहिल्या दहांतली गाणी तपासली, तेव्हा आवाज सुरू होण्याआधीचं संगीत वीसहून अधिक सेकंदांवरून पाचाच्या आसपास आलेलं दिसलं. आपल्याकडे कुणी असं मोजलं तर वेगळं काही निघेल असं मला वाटत नाही. यादी आता शहरवारही मिळते. बंगळुरूची यादी उघडून पाहिली तर कन्नड, तमिळ, तेलुगू, हिंदी, इंग्रजी गाणी शेजारी शेजारी बसलेली दिसतात, हे सुंदर आहे. पण ती यादी सुरुवातींची आहे.

मराठीचं उदाहरण घेऊ. ‘सैराट’ आला २०१६ मध्ये. अजय-अतुलने त्यासाठी लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर सिंफनी वाद्यवृंद वाजवून घेतला. ‘झिंगाट’ सगळ्यांच्या लक्षात आहे, पण मला थोर वाटतं ते ‘याड लागलं’, कारण त्यात कडव्याआधी तंतुवाद्यं जी लाट उठवतात तिच्याशिवाय ते कडवं अर्धं आहे. पुढच्या वर्षी या सिनेमाची कन्नड आवृत्ती ‘मनसु मल्लिगे’ आली, संगीत त्यांचंच. चाली शब्द बदलून टिकल्या, कारण त्यांना सांगाडा होता. मग २०२२ ची ‘चंद्रा’. श्रेया घोषालचा आवाज, गुरू ठाकूरची रचना, लावणीचा पूर्ण डौल. गाण्यात अंतरे आहेत आणि ते मेहनतीने बांधलेले आहेत. पण हजारो मुलींनी ज्यावर नाच केला तो मुखड्याचा एक तुकडा. ‘महाराष्ट्र शाहीर’मधल्या ‘बहरला हा मधुमास’चं २०२३ मध्ये हेच झालं. टांझानियाच्या, रील बनवणाऱ्या किली पॉलपर्यंत ते पोचलं याचा मला आनंद झाला. त्या गाण्याचा अंतरा मात्र सासवडपर्यंत तरी पोचला का, अशी शंका येते.

इथवर गाणं पूर्ण बनत होतं आणि लोक ते कापून घेत होते. आता गाणं आधीच कापून बनतं, आणि हा फरक मोठा आहे. संजू राठोडची ‘गुलाबी साडी’ २०२४ च्या फेब्रुवारीत आली. जी-स्पार्कसोबत बनवलेलं, कुठल्याही सिनेमाचा आधार नसलेलं हे गाणं. जळगाव जिल्ह्यातला एक मुलगा आपल्या बोलीच्या ठसक्याने देशभर ऐकला जातो, ही गोष्ट मी मनापासून साजरी करतो. मुंबई-पुण्याच्या संगीतकारांची मक्तेदारी अशीच मोडायला हवी होती. त्याची पहिली ओळ पक्की आहे, एकदा ऐकली की जिभेवरून जात नाही. पण पहिल्या ओळीने जे दिलं त्यात पुढच्या भागाने भर घातली नाही. ताल तोच, स्वरांचा पट्टा तोच, भावही तोच. हीच गोष्ट क्रेटेक्स आणि श्रेयस यांच्या ‘तांबडी चामडी’ची. मराठी शब्द हाउसच्या ठेक्यावर इतके चपखल बसतात हे त्यांनी दाखवलं, परदेशी लेबलवरून गाणं निघालं. नृत्याच्या संगीतात अंतऱ्याची अपेक्षाच चुकीची, हे मला मान्य आहे. संगीताचे अभ्यासक अशोक दा. रानड्यांनी जनसंगीताला कलासंगीताहून वेगळी कोटी मानलं, आणि एका कोटीचे निकष दुसरीला लावू नयेत हे त्यांच्याकडून शिकलो. म्हणूनच मी ‘तांबडी चामडी’ला त्या निकषाने मोजत नाही. पण जे गाणं प्रेमाची गोष्ट सांगायला निघालंय ते गोष्ट सुरू करून थांबलं तर विचारायला हवं.

कन्नडमध्ये हे चित्र जरा वेगळं आहे आणि म्हणून इथे राहून ते ऐकणं मला शिकवून जातं. १९८७ च्या ‘प्रेमलोका’त हंसलेखांनी शब्द आणि चाल दोन्ही स्वतः केल्या. आजही इथल्या ऑर्केस्ट्रात ती गाणी पूर्ण गायली जातात. २००६ च्या अखेरीस ‘मुंगारु मळे’ आला आणि बंगळुरूत एका मल्टिप्लेक्समध्ये वर्षाहून जास्त चालला. मनो मूर्तींचं संगीत, सोनू निगमचा आवाज, आणि जयंत कायकिणींचे शब्द. कायकिणी गोकर्णचे, बरीच वर्षं मुंबईत राहिलेले कथाकार. त्यांच्या गाण्यात चरण हा खरा चरण असतो: पल्लवीत प्रेम सांगतात, चरणात पाऊस, खिडकी, एखादी शंका येते. कवी सिनेमाला मिळाला की चरण वाचतो, असं माझं निरीक्षण आहे. सी. अश्वथांनी भावगीतं शिकवून श्रोत्यांचा कान आधीच तयार केला होता. २००५ मध्ये पॅलेस ग्राउंडवर त्यांच्या ‘कन्नडवे सत्य’ या कार्यक्रमाला लोटलेली गर्दी कवितेसाठी आली होती. आपल्याकडेही भावगीताचा वारसा काही कमी नाही. पण सिनेमाने गेल्या काही वर्षांत किती कवींना दार उघडलं? गुरू ठाकूर, वैभव जोशी अशी मोजकी नावं डोळ्यांपुढे येतात.

२०२४ च्या सुरुवातीला ‘उपेंद्र’ या १९९९ च्या सिनेमातलं गुरुकिरणचं एक गाणं अचानक रील्समध्ये उसळलं. त्यात ‘करिमणी’ येते, म्हणजे काळे मणी, मंगळसूत्र. त्याचा मालक तू नाहीस, असं म्हणणारं ते विरहाचं गाणं. पंचवीस वर्षांपूर्वीचं गाणं नव्या पोरांनी उचललं, चांगलं झालं. पण त्यातला राग, उपेंद्रच्या सिनेमातली ती तिरपी चीड कुठेच उरली नाही. उरली एक गमतीदार ओळ. उलट ‘सप्त सागरदाचे यल्लो’ची चरण राजची गाणी घ्या (नावच काय पण!). २०२३ मधली ही गाणी संथ आहेत, सावकाश उलगडतात आणि तरीही पोरं ती रात्री कानात घालून झोपतात. २०२४ मध्ये अर्जुन जन्याची चाल आणि जसकरण सिंगचा आवाज असलेलं ‘द्वापर’ गल्लोगल्ली वाजलं, आणि ते सरळ, जुन्या वळणाचं सुरेल गाणं आहे. म्हणजे श्रोत्याला चरण नकोच आहे, हे खोटं. चांगला दिला की तो चालत जातो.

पुन्हा पुन्हा ऐकणं ही काही नव्या पिढीची खोड नाही. बालगंधर्वांच्या नाटकांत वन्समोअरनी पहाट व्हायची. अण्णासाहेब किर्लोस्करांपासून नाट्यपदांनी कर्नाटकी चालींचं ऋण घेतलं आहे, तेव्हा ही गोष्ट इथे बसून लिहिताना जवळची वाटते. पण वन्समोअरमध्ये तेच पद दुसऱ्यांदा तसंच यायचं नाही. गंधर्व नव्या जागेवरून उठायचे, एखादी मुरकी वेगळी घ्यायचे, आणि प्रेक्षकाने ‘पुन्हा’ म्हटलं ते याच आशेवर. रीलमध्ये तेच पंधरा सेकंद जसेच्या तसे फिरतात. हजाराव्यांदाही हरकत तिथेच, श्वास तिथेच. संगणकाने सूर सरळ केल्यावर तर आवाजातली ती मानवी थरथरही राहत नाही, जिच्यासाठी आपण एखाद्याला पुन्हा ऐकतो.

गेल्या नोव्हेंबरात उपनगरात राज्योत्सवाचा ऑर्केस्ट्रा होता. कुणीतरी आधी हंसलेखाचं गाणं फर्मावलं. चरण आला तेव्हा मागच्या रांगेतल्या बायका गायिकेच्या पुढे धावत होत्या. मग एक नवं, यादीत वर असलेलं गाणं. पल्लवीला सगळं मैदान गायलं, पोरं खांद्यावर चढली, शेकडो फोन वर झाले. पल्लवी संपली आणि फोन खाली आले. आवाज एकदम ओसरला. गायिका मात्र थांबली नाही. त्या गाण्याला एक चांगला चरण होता, मी तो प्रथमच ऐकत होतो. निषादावरून खाली उतरणारी एक हळवी ओळ होती त्यात. पल्लवी तिने लोकांकडे बघत गायली होती. चरणासाठी तिने स्टँडवर ठेवलेला फोन उजळवला आणि एकेक शब्द वाचत, मान खाली घालून, ती ते गाणं शेवटापर्यंत घेऊन गेली.