मूठ घट्ट झाली, नातं झालं का?

‘ओल्ड पीपल्स होम फॉर फोर इयर ओल्ड्स’ ही चॅनल फोरची २०१७ सालची ब्रिटिश मालिका जरूर बघा, पण वही-पेन घेऊन. ब्रिस्टलमधल्या ज्येष्ठांच्या वसाहतीत चार वर्षांची १० मुलं सहा आठवडे येतात. आजी-आजोबांची मनःस्थिती, चालणं, मुठीची ताकद आधी आणि नंतर मोजली जाते. बऱ्याच जणांचे आकडे सुधारतात. माझेही डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू!

आता संशोधक म्हणून बघा. मुलांशिवाय राहिलेला, तुलनेसाठीचा गट इथे नाही. मग फरक कशामुळे पडला? मुलांमुळे, वाढलेल्या हालचालीमुळे, कॅमेऱ्यामुळे, की तीच चाचणी दुसऱ्यांदा दिल्यामुळे? सांगता येत नाही.

मूठ मोजण्यात चूक काहीच नाही. वार्धक्यातली दुर्बलता ओळखण्यासाठी लिंडा फ्राइड आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये पाच निकष मांडले: घटलेलं वजन, थकवा, मंद चाल, कमी हालचाल आणि मुठीची कमी ताकद. तीन किंवा जास्त लागू पडले, तर व्यक्ती दुर्बल. पण यातला एकही निकष आपलेपणा मोजत नाही. ज्यांची मूठ शेवटपर्यंत सैलच राहिली, ते आजोबा मुलांचे कुणीच नाहीत का?

माझा खरा आक्षेप हाच आहे. दुर्बल माणसाला समाजात जागा हवी, ती सुधारण्याच्या अटीवर नको. तुम्ही असा प्रस्ताव लिहाल तेव्हा तुलनेचा गट ठेवाच. आणि एक प्रश्न जोडा: सहा महिन्यांनी, कॅमेरा नसताना, कुठलं कुटुंब कुणाला भेटायला आलं?