‘बहिष्कृत’पासून ‘शाळाबाह्य’पर्यंत : विषमतेच्या इंग्रजी शब्दांचे अध्ययन

१

इंग्रजी शब्दसंपत्ती वाढविण्यासाठी महाराष्ट्रातील विद्यार्थी ज्या साधनाचा सर्वाधिक आश्रय घेतो, ते साधन म्हणजे शब्दसूची होय. डाव्या बाजूस इंग्रजी शब्द, उजव्या बाजूस त्याचा मराठी प्रतिशब्द, आणि विषयवार केलेली विभागणी, ही तिची सर्वपरिचित रचना. वनस्पती, शरीराचे अवयव किंवा हत्यारे यांच्या बाबतीत ही रचना बहुतांशी निर्वेध चालते. कारण दोन्ही भाषांतील शब्द ज्या वस्तूकडे बोट दाखवितात ती वस्तू एकच असते. ‘शिक्षण, समाज आणि सामाजिक विषमता’ या शीर्षकाखाली येणारे शब्द मात्र या प्रकारचे नव्हेत. ते वस्तू दाखवीत नाहीत, परिस्थितीचा निवाडा करतात. कोणाला काय मिळाले नाही, एवढेच ते सांगत नाहीत. ते कोणामुळे मिळाले नाही, हेही सांगतात किंवा लपवितात. शब्दसूचीत नेमका हाच भाग गळून पडतो.

या प्रश्नाचा विचार पनवेलच्या संदर्भात करणे अनेक दृष्टींनी उचित ठरेल. १८५२ साली नगरपालिका लाभलेले हे जुने बाजारपेठेचे गाव २०१६ मध्ये महानगरपालिकेचे शहर झाले. मधल्या काळात, १९७० साली, सिडकोची स्थापना झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी संपादनाच्या कक्षेत आल्या. त्यामुळे येथील महाविद्यालयीन वर्गात आगरी, कराडी, कोळी, कातकरी व ठाकूर घरांतील मुले आणि नोकरीनिमित्त बाहेरून आलेल्या कुटुंबांतील मुले एकत्र बसतात. विषमतेचे इंग्रजी शब्द या विद्यार्थ्यांपैकी अनेकांना परके नाहीत. परका आहे तो त्यांचा उच्चार. त्या शब्दांमागील अनुभव घरीच असतो.

याच शहरात रयत शिक्षण संस्थेचे महात्मा फुले यांच्या नावाचे महाविद्यालय आहे. या दोन नावांतच प्रस्तुत विषयाची एक लहानशी प्रस्तावना सामावलेली आहे. ‘रयत’ हा शब्द अरबीतून फारसीच्या द्वारे मराठीत रुळला आणि महसुलाच्या व्यवहारातून इंग्रजीत ‘रायट’ या रूपाने गेला. जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे इंग्रजी निवेदन ठेवले, त्यात हाच शब्द त्यांनी वापरला. सरकारचा महसूल रयतेच्या श्रमांतून उभा राहतो आणि त्याचा शिक्षणावरील लाभ मात्र वरिष्ठ वर्गांना मिळतो, असा त्या निवेदनाचा आशय आहे. तेव्हा विषमतेचे इंग्रजी शब्द हे सर्वस्वी आयात केलेले धन आहे, ही समजूतच मुळात तपासून घ्यावयास हवी.

२

प्रथम ‘कम्युनिटी’ हा शब्द घेऊ. शब्दसूचीत त्याचा प्रतिशब्द ‘समाज’ असा असतो. आणि दोन ओळी खाली ‘सोसायटी’ या शब्दापुढेही ‘समाज’च असतो. विद्यार्थी दोन्ही पाठ करतो आणि हे दोन इंग्रजी शब्द समानार्थी आहेत असे मानून चालतो. वस्तुतः गोंधळ इंग्रजीत नसून ‘समाज’ या मराठी शब्दाच्या इतिहासात आहे. १८६७ च्या प्रार्थना समाजात किंवा १८७३ च्या सत्यशोधक समाजात ‘समाज’ म्हणजे विशिष्ट हेतूने स्वेच्छेने एकत्र आलेल्यांची संस्था. ‘आगरी समाज’ वा ‘कोळी समाज’ यांत तो जन्माने ठरणाऱ्या समूहाचा वाचक होतो. आणि ‘भारतीय समाज’ असे म्हटले की तोच शब्द या सर्व समूहांना कवेत घेणाऱ्या व्यापक रचनेचा निर्देश करतो. संस्था, जात आणि समष्टी असे तीन अर्थ एकाच शब्दात नांदत आहेत.

जर्मन समाजशास्त्रज्ञ टोनिज यांनी १८८७ च्या आपल्या ग्रंथात जिव्हाळ्याच्या बंधांनी बांधलेला समूह आणि कराराने वा हितसंबंधांनी चालणारा समाज यांत भेद केला. पाश्चात्त्य समाजशास्त्रात ‘कम्युनिटी’ आणि ‘सोसायटी’ हे शब्द पुष्कळदा याच भेदाच्या छायेत वापरले जातात, आणि पहिल्या शब्दाभोवती एक प्रकारची ऊब असते. भारतीय इंग्रजीत मात्र ‘कम्युनिटी’ला जात व धर्म यांचा वास चिकटला आहे. त्याचे विशेषण तर याहून बोलके आहे. १९३२ चा ‘कम्युनल अवॉर्ड’ मराठीत ‘जातीय निवाडा’ झाला. हिंदु-मुसलमानांची दंगल ‘जातीय दंगल’ झाली. म्हणजे नामाला मराठीने ‘समाज’ म्हटले आणि त्याच नामाच्या विशेषणाला ‘जातीय’. नामात झाकलेली जात विशेषणात उघडी पडली, असेच म्हणावयास हवे. पनवेलच्या विद्यार्थ्याने ‘कम्युनिटी हॉल’ हा शब्द वाचला, तर तो सभागृहाचे दार कोणाला उघडे आहे असा प्रश्न मनात आणील. हा प्रश्न भाषिक अज्ञानातून येत नाही. सूचीने दडविलेल्या भाषिक ज्ञानातून येतो.

३

यापेक्षा अधिक महत्त्वाचे उदाहरण ‘डिप्रेस्ड क्लासेस’ या संज्ञेचे आहे. विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ मध्ये ‘डिप्रेस्ड क्लासेस मिशन’ स्थापन केले तेव्हा त्याचे मराठी नाव ‘निराश्रित साह्यकारी मंडळी’ असे ठेवले. ‘निराश्रित’ म्हणजे ज्याला आश्रय नाही तो. आश्रय कोणी काढून घेतला, हे या शब्दात येत नाही. येते ती साह्याची निकड. शिंदे यांच्या कार्याची थोरवी वादातीत आहे, आणि अस्पृश्यतेची कारणमीमांसाही त्यांनी सखोल केली. येथे विचार चालला आहे तो केवळ शब्दाचा.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२४ मध्ये जी संस्था स्थापन केली तिचे नाव ‘बहिष्कृत हितकारिणी सभा’ असे होते. १९२७ मध्ये, महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्या वर्षी, त्यांनी सुरू केलेल्या पाक्षिकाचे नाव ‘बहिष्कृत भारत’. महाड हे त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यातील गाव. पनवेल तालुकाही त्याच जिल्ह्यात होता. ‘बहिष्कृत’ या शब्दाची फोड ‘बहिस्’ आणि ‘कृत’ अशी होते: बाहेर केलेला. ‘कृत’ म्हटले की कर्ता आलाच. कर्त्याचे नाव वाक्यात नसेल. परंतु ‘कोणी केले?’ हा प्रश्न टाळता येत नाही.

१९२८ मध्ये याच सभेच्या वतीने डॉ. आंबेडकरांनी सायमन आयोगाला मुंबई इलाख्यातील ‘डिप्रेस्ड क्लासेस’च्या शिक्षणाविषयी एक इंग्रजी निवेदन सादर केले. एकाच लेखात सरकारी परिभाषेतील शब्द मजकुरात आणि ‘बहिष्कृत’ हा शब्द निवेदन करणाऱ्या सभेच्या नावात, असे हे सहअस्तित्व होते. ते फार काळ टिकले नाही. १९३२ मध्ये लोथियन समितीच्या अहवालाला जोडलेल्या टिपणात त्यांनी ‘डिप्रेस्ड क्लासेस’ या संज्ञेवर आक्षेप घेतला. हा वर्ग दीन व असहाय आहे असा ग्रह या संज्ञेमुळे होतो, असे त्यांचे म्हणणे होते. त्याऐवजी ‘एक्स्टीरिअर कास्ट्स’ किंवा ‘एक्स्क्लूडेड कास्ट्स’ हे पर्याय त्यांनी सुचविले. यांतील दुसरा पर्याय म्हणजे ‘बहिष्कृत’ या शब्दाचे इंग्रजी रूपच नव्हे काय? येथे इंग्रजी शब्दाला मराठी प्रतिशब्द शोधण्याचा नेहमीचा क्रम उलटला आहे. मराठीत आधीच झालेल्या निदानाशी इंग्रजीला जुळवून घ्यावयास लावण्याचा हा प्रयत्न होता.

व्युत्पत्तीने पाहता ‘डिप्रेस्ड’ म्हणजेही ‘दाबलेला’च, त्यातही दाबणारा कोणी असावयास हवा. परंतु रूढीने तो कर्ता पुसून टाकला होता आणि मागे उरली होती ती केवळ एक खिन्न अवस्था. यावरून एक गोष्ट ध्यानात येते की, शब्दाच्या पोटात काय आहे हे केवळ धातू पाहून ठरत नाही; कोण, कोणाविषयी, कोणापुढे तो वापरतो यावरून ते ठरते.

४

आता आजच्या शब्दाकडे यावे. शिक्षणहक्काचा कायदा २००९ मध्ये झाला व १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्यानंतर ‘आउट ऑफ स्कूल’ ही संज्ञा आणि तिचा ‘शाळाबाह्य’ हा प्रतिशब्द शासकीय लेखनात सर्वत्र पसरला. ४ जुलै २०१५ रोजी महाराष्ट्रात एकाच दिवशी शाळाबाह्य मुलांचे राज्यव्यापी सर्वेक्षण झाले. ‘शाळाबाह्य’ या शब्दात ‘बहिष्कृत’ या शब्दातील ‘बहिस्’ आहे, पण ‘कृत’ नाही. मूल बाहेर आहे, एवढे त्यातून कळते. ते बाहेर केले गेले आहे की काय, हे विचारण्याची सोय उरत नाही. नव्वद वर्षांच्या आत एका प्रत्ययाचा लोप झाला, आणि त्या प्रत्ययाबरोबर एका प्रश्नाचाही.

पनवेल तालुक्यातील कातकरी वाड्यांचे उदाहरण येथे समर्पक आहे. पावसाळा संपल्यावर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर व कोळसा पाडण्याच्या कामावर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. शाळेचे वर्ष मात्र जूनमध्ये सुरू होऊन उन्हाळ्यात संपते. मुलांचे नाव पटावर असते. मूल भट्टीवर असते. अशा मुलाला इंग्रजी ‘ड्रॉपआउट’ म्हणते. या शब्दाच्या क्रियापदाचा कर्ता मूलच आहे. सोडून जाते ते मूल. मराठी या घटनेला ‘गळती’ म्हणते, आणि हा शब्द मोठा मार्मिक आहे. कारण गळतीचा दोष कोणी पाण्याला देत नाही, तो भांड्याला किंवा छपराला देतात. इंग्रजीतही ‘ड्रॉपआउट’ला उत्तर म्हणून ‘पुशआउट’ हा शब्द शिक्षणविषयक लेखनात आला, तो याच जाणिवेतून. तरीही शब्दसूचीत ‘ड्रॉपआउट’ आणि ‘गळती’ यांच्यामध्ये निमूटपणे एक समानचिन्ह असते.

याच कातकरी जमातीच्या वर्गवारीचे नाव इंग्रजीत २००६ मध्ये बदलले. ‘प्रिमिटिव्ह’ हे विशेषण काढून त्या जागी ‘विशेष असुरक्षित’ अशा अर्थाचे विशेषण आले. मराठी व्यवहारात मात्र ‘आदिम जमात’ हेच नाव प्रचारात राहिले. येथे इंग्रजी पुढे गेली आणि मराठी मागे राहिली. उलट ‘प्रोजेक्ट अफेक्टेड’ या सौम्य इंग्रजी शब्दापुढे ‘प्रकल्पग्रस्त’ हा मराठी शब्द कितीतरी अधिक सत्य सांगतो. ‘ग्रस्’ म्हणजे गिळणे. पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त यांच्या पंक्तीस बसून हा शब्द प्रकल्पाला आपत्तीचा दर्जा देतो. १९८४ च्या आंदोलनात जासई परिसरात शेतकऱ्यांनी प्राण दिले, त्या भागात हा अर्थ कोणास समजावून द्यावा लागत नाही. तसेच ‘अंडरप्रिव्हिलेज्ड’ आणि ‘वंचित’ यांचे. इंग्रजी शब्दात सवलतींची कमतरता आहे. ‘वंचित’ या शब्दाचा मूळ संस्कृत अर्थ फसविला गेलेला असा आहे. कोणतीही एक भाषा सत्यवादी आणि दुसरी लपविणारी आहे, असा निष्कर्ष यातून निघत नाही. ‘मागासलेले’ हा आपला शब्द मागे राहण्याची क्रिया मागे राहिलेल्याच्याच माथी मारतो. त्यास इंग्रजी जबाबदार नाही.

५

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. परीक्षेला बसणाऱ्या, मुलाखतीस जाणाऱ्या विद्यार्थ्याला प्रथम शब्द हवा असतो. त्याचा इतिहास सांगत बसणे म्हणजे तहानलेल्यास विहिरीची कथा सांगण्यासारखे आहे. शिवाय ज्याच्या घरी इंग्रजी नाही त्याच्यापुढे अधिक अवघड अभ्यास ठेवणे ही विषमतेत भरच होय. हा आक्षेप क्षुल्लक नाही. सूची हे गरिबाचे साधन आहे, आणि महागड्या शिकवणीला पर्याय म्हणून तिने पुष्कळांना हात दिला आहे. परंतु आक्षेपाचा दुसरा भाग उलटविता येतो. विषमतेचे शब्द केवळ पाठ करून ज्याने घेतले, तो स्वतःच्याच घराचे वर्णन दुसऱ्याच्या निवाड्यासह करू लागतो. आपला भाऊ ‘ड्रॉपआउट’ आहे असे तो इंग्रजीत निर्दोष व्याकरणाने लिहील, आणि त्या वाक्यात भावालाच आरोपी करील. ‘मेरिटॉक्रसी’ हा शब्द तो आदर्श म्हणून वापरील. मायकेल यंग यांनी १९५८ मध्ये आपल्या उपरोधात्मक पुस्तकातून तो प्रसृत केला तो एका भयसूचनेसाठी, हे त्याला सूची सांगत नाही.

उपाय फार खर्चाचा नाही. सूचीतील प्रत्येक शब्दापुढे एक तिसरा रकाना आखावा आणि त्यात ‘कर्ता कोण?’ या प्रश्नाचे उत्तर लिहावे. आणि सूचीच्या जोडीला जोडग्रंथांचे वाचन ठेवावे. फुले यांचे १८८२ चे इंग्रजी निवेदन व त्याच सुमारास लिहिलेला ‘शेतकऱ्याचा असूड’, १८७३ च्या ‘गुलामगिरी’ची इंग्रजी प्रस्तावना व तिचा मराठी मजकूर, आंबेडकरांचे १९२८ चे निवेदन व ‘बहिष्कृत भारत’मधील लेख. हे वाङ्मय दोन भाषांत विचार करणाऱ्यांनी, त्याच विषयावर, याच प्रदेशात लिहिले आहे. त्यात शब्दांना नुसते प्रतिशब्द मिळत नाहीत. एका भाषेने दुसरीला विचारलेले प्रश्न मिळतात. मराठी विभाग व इंग्रजी विभाग यांनी हा पाठ एकत्र घ्यावयास हवा. कारण तो दोघांच्याही सीमेवर पडतो आणि म्हणूनच आजवर कोणाच्याच अभ्यासक्रमात नीट बसलेला नाही.

ज्या विद्यार्थ्याला ‘शाळाबाह्य’ या शब्दात गहाळ झालेला ‘कृत’ दिसू लागेल, त्याला इंग्रजी शब्द कमी येतील असे मानण्याचे कारण नाही. तो ते अधिक सावधपणे निवडील, एवढेच; आणि विषमतेविषयी बोलताना भाषेचे ज्ञान म्हणून याहून अधिक काय अपेक्षावे?