जाळे की संकेत? : संगणक-संप्रेषणाच्या मराठी परिभाषेची चिकित्सा

परिभाषेचा प्रश्न मराठीत बहुधा शब्दांच्या सोयीचा प्रश्न म्हणून चर्चिला जातो. शब्द संस्कृतोद्भव असावा की परभाषेतून घ्यावा, तो सुलभ आहे की क्लिष्ट, एवढ्यावरच वाद थांबतो. वस्तुतः पारिभाषिक शब्दाची कसोटी निराळी आहे. ज्या वस्तूला तो लावावयाचा, तिच्या स्वरूपाकडे तो अभ्यासकाची दृष्टी वळवितो की तिच्यापासून दूर नेतो, हे पाहिले पाहिजे. संगणकांच्या परस्पर-संप्रेषणाविषयी मराठीत जे शब्द रूढ झाले आहेत, त्यांची या कसोटीवर तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. विवेचन हवेत राहू नये म्हणून एकच उदाहरण अखेरपर्यंत घेतले आहे. पनवेलजवळच्या कामोठे येथील एका संगणकाने दूरच्या दुसऱ्या संगणकाकडे ‘कामोठे’ एवढाच शब्द पाठविला, तर काय घडते?

१

‘नेटवर्क’साठी मराठीने ‘जाळे’ हा शब्द स्वीकारला आणि त्यावरून ‘महाजाल’, ‘आंतरजाल’ हे शब्द घडविले. कामोठे ज्या पनवेल खाडीच्या परिसरात वसले आहे, तेथील आगरी-कोळी समाजाला जाळ्याची ओळख शब्दकोशातून करून द्यावी लागत नाही. जाळ्याचे प्रयोजन पकडून ठेवणे हे होय, आणि त्याची एक गाठ तुटली तरी तेवढ्या वाटेने मासळी निसटते. संगणकांच्या जाळ्याचे प्रयोजन नेमके उलट, म्हणजे पुढे जाऊ देणे हे आहे. शिवाय त्याची थोरवी गाठी तुटल्यावरच प्रत्ययास येते. अमेरिकेतील रँड या संस्थेत पॉल बॅरन यांनी १९६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचा गाभाच हा होता की, अनेक दुवे नष्ट झाले तरी उरलेल्या वाटांनी संदेश पोहोचला पाहिजे. संस्कृतातील ‘जाल’ शब्दाला इंद्रजाल, मायाजाल यांतील फसवणुकीची छटा आहे, ती तर येथे सर्वस्वी अप्रस्तुत होय.

‘महाजाल’ आणि ‘आंतरजाल’ यांत मात्र भेद केला पाहिजे. ‘महाजाल’ म्हणजे मोठे जाळे. इंटरनेट हे एक मोठे जाळे नव्हे. ज्यांची मालकी, रचना आणि तंत्र भिन्न आहे अशा स्वतंत्र जाळ्यांमधील तो व्यवहार आहे. व्हिंट सर्फ व रॉबर्ट कान यांनी १९७४ मध्ये मांडलेला आणि १ जानेवारी १९८३ पासून अर्पानेटवर अमलात आलेला विचार हाच होता की, प्रत्येक जाळे आतून जसे आहे तसे राहू द्यावे आणि जाळ्याजाळ्यांमधील देवघेवीपुरता एक सामाईक नियम ठरवावा. ‘आंतरराष्ट्रीय’ शब्दातील ‘आंतर’ हे पद हाच अर्थ वाहते. तेव्हा ‘आंतरजाल’ हा शब्द यथार्थ आणि ‘महाजाल’ हा दिशाभूल करणारा आहे.

परंतु ‘आंतरजाल’ शब्दातही लक्ष जाते ते धाग्यांकडे, तारांकडे. भारतातील या विद्येच्या आरंभाकडे पाहिले तर तारांना किती कमी महत्त्व होते हे दिसते. १९८६-८७ च्या सुमारास मुंबईत जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि पवईची भारतीय तंत्रज्ञान संस्था यांच्यामध्ये संगणकीय टपालाची देवघेव सुरू झाली, ती साध्या टेलिफोनच्या तारेवरून. तार पूर्वीपासून होतीच. नवे होते ते दोन्ही टोकांच्या यंत्रांमधले एकमत : कोणी आधी बोलावे, चूक कशी ओळखावी, संदेश कोठे संपला असे मानावे. हे केंद्र पुढे २००३ मध्ये सी-डॅकमध्ये विलीन झाले आणि आज कामोठ्याच्या शेजारी खारघर येथे सी-डॅकचे काम चालते.

२

संदेश प्रवासाला निघतो तो अखंड नव्हे, तुकड्यांनी. या तुकड्याला ‘पॅकेट’ हे नाव ब्रिटनच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतील डोनाल्ड डेव्हिस यांनी दिले. इतर भाषांतही हा शब्द अडचणीविना उतरावा, म्हणून त्यांनी एका भाषातज्ज्ञाचा सल्ला घेतला होता. भाषाभ्यासकाने लक्षात ठेवावी अशी ही घटना आहे. मराठीत ‘पाकीट’ शब्द आहे खरा, पण त्याने पैशांचे पाकीट किंवा पत्राचे वेष्टन डोळ्यांपुढे येते. क्रमाचा बोध त्यातून होत नाही. मराठी मनाला त्याहून जवळचे उदाहरण पोथीचे आहे. पोथीची पाने सुटी असतात, ती शिवलेली नसतात. वाऱ्याने विस्कटली तरी पानांवरील अंकांच्या आधारे पुन्हा लावता येतात, आणि एखादे हरवले तर कोणते हरवले हेही सांगता येते. पॅकेटांचे नेमके असेच होते. ती वेगवेगळ्या वाटांनी जातात, मागेपुढे पोहोचतात, क्रमांकावरून जुळविली जातात आणि गहाळ झालेले पॅकेट पुन्हा मागविले जाते.

आता ‘कामोठे’ हा शब्द घ्या. वाचणाऱ्याला त्यात तीन अक्षरे दिसतात : का, मो, ठे. युनिकोड या जागतिक वर्णसंकेतात व्यंजन आणि स्वरचिन्ह वेगवेगळी मोजली जातात, म्हणून तेथे ती सहा चिन्हे होतात. यूटीएफ-८ या रूढ लेखनपद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे एकूण १८ बाइट झाले. या १८ बाइटांच्या पुढे, सध्या सर्वत्र वापरात असलेल्या चौथ्या आवृत्तीच्या पद्धतीनुसार, पत्ता, क्रमांक, चूक तपासण्याची बेरीज इत्यादींसाठी किमान ४० बाइटांचा मायना जोडला जातो. मजकूर १८ आणि मायना ४०! संदेशाहून संदेशाविषयीचा करार मोठा, हे या विद्येचे मर्म या एका उदाहरणात स्पष्ट होते.

३

मायन्यातील पत्त्यापाशी मराठी परिभाषेचा दुसरा गोंधळ आढळतो. नाव, पत्ता आणि मार्ग या तीन भिन्न गोष्टी आहेत. नाव कोण ते सांगते, पत्ता कोठे ते सांगतो, मार्ग कसे जावे ते सांगतो. कामोठ्याचा पिनकोड ४१०२०९ हा पत्ता आहे. भारतात ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली, आणि तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे पंडित व कवी होते, हा योगायोग अर्थपूर्ण वाटतो. कोलकात्याच्या टपाल कर्मचाऱ्याला कामोठे कोठे आहे हे ठाऊक असावे लागत नाही. आरंभीचे अंक पाहून त्याने पत्र पश्चिमेकडे धाडले की त्याचे काम संपले. शेवटचे तीन अंक वाचणे हे इकडच्या कार्यालयाचे काम. संगणकांच्या जाळ्यातील मार्गदर्शक यंत्रही असेच पत्त्याचा आरंभीचा भाग वाचून पॅकेट पुढे ढकलते. संपूर्ण मार्ग कोणा एकालाच ठाऊक असतो असे नाही.

साम्य येथे संपते. पिनकोड भूमीला बांधलेला असतो, संगणकाचा पत्ता जाळ्याला. मानसरोवर स्थानकावर उभ्या असलेल्या विद्यार्थ्याचा फोन घरच्या जोडणीतून मोबाइल कंपनीच्या जोडणीत आला की पत्ता बदलतो. विद्यार्थी तोच, नावही तेच. हा भेद न उमगल्यामुळेच ‘वेबसाइट’ला ‘संकेतस्थळ’ म्हणताना ते ‘स्थळ’ आहे असा समज दृढ होतो. वस्तुतः वापरणाऱ्याच्या हाती असते ते केवळ नाव. नावावरून पत्ता शोधून देणारी यंत्रणा वेगळी आहे. २७ ऑगस्ट २०१४ पासून ‘.भारत’ अशी देवनागरी नावेही घेता येऊ लागली, परंतु शोधापूर्वी त्यांचे रोमन चिन्हांत रूपांतर करावे लागते. वाचकाला जे नाव दिसते ते यंत्रणेच्या पोटात निराळेच असते.

४

येथवरच्या प्रत्येक टप्प्यावर तारेहून महत्त्वाचे ठरले ते एकमत. इंग्रजीत त्याला ‘प्रोटोकॉल’ म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ पपायरसच्या गुंडाळीला डकविलेले पहिले पान. संगणक-संप्रेषणात तो शब्द त्याच ब्रिटिश प्रयोगशाळेतील रॉजर स्कँटलबरी व कीथ बार्टलेट यांनी १९६७ मध्ये योजिला. मराठीत शासकीय ‘राजशिष्टाचार’ रूढ असल्यामुळे येथेही ‘शिष्टाचार’ म्हणण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे. शिष्टाचार मोडला तर असभ्यता होते, पण बोलणे कळते. प्रोटोकॉल मोडला तर बोलणेच होत नाही. ‘नियम’ म्हणावे, तर नियम एक करतो आणि दुसरा पाळतो. येथे दोघांनीही आधी मान्यता दिलेली असावी लागते.

यासाठी योग्य शब्द आपल्या शास्त्रपरंपरेत सिद्ध आहे, तो म्हणजे ‘संकेत’. अमुक शब्दाने अमुक अर्थ समजावा, या मान्यतेला नैयायिकांनी संकेत म्हटले. वर्णाला स्वतंत्र अर्थ नसतो, वर्णांची पदे होतात, पदांचे वाक्य होते. खालचा स्तर वरच्या स्तराचा अर्थ न जाणता त्याची सेवा करतो. १९८४ मध्ये प्रमाणित झालेल्या सात स्तरांच्या आराखड्याची नावे विद्यार्थी पाठ करतात. प्रत्येक स्तर म्हणजे समोरच्या समान स्तराशी केलेला एक संकेत, हे कळले तर पाठांतराची गरज उरणार नाही.

आक्षेप असा येईल की, ‘संकेत’ शब्दावर आधीच पुष्कळ भार आहे : संकेतांक, संकेतशब्द, संकेतस्थळ. आक्षेप खरा आहे, आणि त्यासाठी ‘संप्रेषण-संकेत’ असा पूर्ण शब्द वापरता येईल. परंतु हा भार आकस्मिक नव्हे. या साऱ्या शब्दांच्या मुळाशी पूर्वमान्यतेचीच कल्पना आहे. ‘संकेतस्थळ’ शब्दाचा जुना अर्थ प्रेमिकांनी ठरविलेले भेटीचे ठिकाण. त्यातही स्थळापेक्षा ठरविणे महत्त्वाचे होते!

संकेताच्या अभावी काय होते, हे मराठीने प्रत्यक्ष भोगले आहे. १९९० नंतरच्या दशकात आणि पुढेही काही वर्षे प्रत्येक टंकनिर्माता देवनागरीचे आकार रोमन अक्षरांच्या जागी आपापल्या क्रमाने बसवीत असे. एका कार्यालयातील मराठी पत्र दुसऱ्या कार्यालयात पोहोचे, तेव्हा एकही बाइट हरवलेला नसे, आणि तरीही पडद्यावर निरर्थक चिन्हांची रांग उमटे. जाळे शाबूत होते, संप्रेषण शून्य होते. युनिकोडचा संकेत १९९१ पासून अस्तित्वात होता, पण तो सर्वांनी मान्य करीपर्यंत या अवस्थेतून सुटका झाली नाही. त्या संकेतातही मराठीच्या ‘ॲ’ला स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ मध्ये. तोवर ‘ॲप’ या शब्दातले पहिले अक्षरसुद्धा एकाच स्वतंत्र चिन्हाने लिहिता येत नव्हते.

कोणी म्हणेल, हा खटाटोप कशासाठी? रोमन लिपीत ‘कामोठे’ सात बाइटांत जाते. जाते खरे, पण रोमनमधील ‘टीएच’वरून ‘ठ’ वाचावा की ‘थ’, हे वाचणाऱ्याने आधी ऐकलेले असावे लागते. अकरा बाइट वाचतात आणि मूर्धन्य वर्ण हरवतो. स्वस्त संकेताची किंमत अशी दुसरीकडे मोजावी लागते.

तात्पर्य, ‘जाळे’ हा शब्द रूढ आहे आणि तो राहील. त्याला हद्दपार करण्याचे कारण नाही. परंतु अध्यापनात तो मुख्य संज्ञा म्हणून नव्हे, साहाय्यक प्रतिमा म्हणून यावा आणि विषयाच्या केंद्रस्थानी ‘संकेत’ असावा. जाळे दुसऱ्याने विणून दिलेले वापरता येते. संकेत ठरविताना मात्र स्वतः उपस्थित राहावे लागते. जी भाषा तेथे उशिरा पोहोचते, तिला आपल्याच अक्षरासाठी वाट पाहावी लागते.